नथ, सनई आणि ओठांचं काम

"डॉक्टर, मुलीचं नाक टोचायचंय. पण ती शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. चालेल ना?" हा प्रश्न आता साताऱ्यातही अधूनमधून कानावर येतो. त्याच्याच जोडीला दुसरा: कॉलेजातल्या मुलाने खालच्या ओठाखाली मणी बसवून घेतलेला असतो, तो ट्रम्पेट वाजवतो आणि गणपती तीन आठवड्यांवर आलेले असतात. दोन्ही प्रश्न वरवर सारखे दिसतात. त्यांची उत्तरं मात्र बरीच वेगळी आहेत.

उत्तराकडे जाण्याआधी थोडा इतिहास बघू. कारण पहिला प्रश्न विचारताना घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, "तसंही आपल्यात बायका फुंकायची वाद्यं वाजवत नाहीत. नथ असते ना नाकात." म्हणजे मुलीने नाक टोचायचं की क्लॅरिनेट वाजवायचं, यातलं एकच निवडायचं, असा अर्थ निघतो. हे खरं आहे का?

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचं चित्र आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. मधे एक नर्तकी नाचते आहे आणि भोवती साथ करणाऱ्या बायका. त्यात बासरी ओठाला लावलेल्या बायकाही आहेत. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातही नर्तकीभोवती वाद्यं घेऊन बसलेल्या स्त्रिया कोरलेल्या आहेत, आणि तिथेही बासरी आहे. म्हणजे आपल्याच प्रदेशात दीड हजार वर्षांपूर्वी बाईने फुंकून वाजवणं चित्रात काढण्याइतकं नेहमीचं होतं. पुढच्या वेळी सहलीला गेलात तर एक गोष्ट मुद्दाम बघा. या बायकांच्या कानात, गळ्यात, दंडावर, कमरेला दागिनेच दागिने आहेत. नाक मात्र मोकळं आहे.

ही गोष्ट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी फार बारकाईने तपासली होती. नथीच्या प्राचीनतेवर त्यांनी 1938 मध्ये एक लेख लिहिला. जुने ग्रंथ, कोश आणि शिल्पं चाळून त्यांनी दाखवलं, की नाकातल्या दागिन्याचा स्पष्ट पुरावा साधारण इसवी सन 1000 च्या आधी मिळत नाही. आपण जिला अनादिकाळापासूनची समजतो ती नथ तशी अलीकडची आहे.

वैद्यकाच्या बाजूनेही याला आधार मिळतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावं, मुलाचा आधी उजवा कान आणि मुलीचा आधी डावा, पाळी पातळ असेल तर सुईने आणि जाड असेल तर आरीने, पाळी उन्हात धरून आरपार उजेड दिसेल त्या जागी, मग छिद्रात तेलात भिजवलेली कापसाची वात आणि दर तीन दिवसांनी थोडी जाड वात. चुकीची शीर टोचली तर काय होतं तेही दिलेलं आहे. उजेडात बघून रक्तवाहिनी टाळायची ही युक्ती आजही नाकारण्यासारखी नाही. त्याच अध्यायात पुढे तुटलेलं नाक पुन्हा बसवण्याची प्रसिद्ध कृती येते. नाक जोडायचं कसं ते आहे, पण दागिन्यासाठी नाक टोचायचं कसं ते नाही. इतकं तपशिलात लिहिणारा माणूस ही चाल असती तर सोडून देता, असं मला वाटत नाही.

नंतरच्या शतकांत नथ आली आणि पेशवाईपर्यंत मोत्यांची मराठी नथ सौभाग्याची खूण होऊन बसली. ती बायकांपुरतीही राहिली नाही. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे नव्या मुलाचं नाक टोचून त्याला नथ घालत आणि नाव ठेवत नथू. मुलगी समजून काळाने त्याला सोडून द्यावं, अशी त्यामागची आशा. भिकू हे नाव आणि कानाच्या वरच्या भागातली भिकबाळी यांची गोष्टही तशीच सांगतात, भीक मागून आणलेल्या पैशांची बाळी म्हणून. लस नाही, प्रतिजैविक नाही, अशा काळातले हे आईबापांचे उपाय. आज ही नावं ऐकून आपण हसतो, पण त्या प्रत्येक नावामागे आधी गेलेली एकदोन भावंडं असत.

आता सनई. सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यात ती वाजवली होलार, मातंग, गुरव, घडशी या समाजांतल्या पुरुषांनी. माण, खटाव, आटपाडी, जत भागातल्या जत्रा आणि लग्नं त्यांच्या वाजंत्रीशिवाय उभी राहत नसत. सनईची धाकटी बहीण म्हणावी अशी 'सुंदरी' सोलापूरच्या जाधव घराण्याने मैफलीपर्यंत नेली. वाद्य बापाकडून मुलाकडे जाई आणि वाजवायला देवळापुढे, मिरवणुकीत, परगावी जावं लागे. त्यात मुलींना जागा नव्हती. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत आणखी एक अडचण होती, उष्ट्याची. पत्ती तोंडात धरायची, ती थुंकीने भिजणार, म्हणजे वाद्य उष्टं. मंगलकार्याला सनई हवीच, पण ती दुसऱ्याने वाजवायची, असा हा सोयीचा हिशेब. बाईच्या हातून फुंकवाद्य सुटलं ते या सगळ्यामुळे. नथीवर त्याचा ठपका ठेवण्याचं कारण मला तरी सापडत नाही.

दक्षिणेकडे बघितलं तर हे आणखी स्पष्ट होतं. तिथेही नाकात चमकी घालण्याची चाल घरोघरी आहे आणि नागस्वरम हे सनईपेक्षा लांब, दमदार वाद्य. तरीही मदुराईच्या पोन्नुताई नागस्वरम वाजवून नावाजल्या. कलीशाबी महबूब यांना पतीसोबत नागस्वरमसाठी 2020 मध्ये पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे नथ घालून श्वासावर हुकूमत ठेवल्याचं उदाहरण हवं असेल तर ते नाटकात आहे. मराठी नाटकाची सुरुवात 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केली, आणि सांगली जिल्ह्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. स्त्रीवेशातल्या त्यांच्या फोटोंत नथ ठळक दिसते. ती घालून ते तासन्‌तास गात. त्यांच्या ताना नथीत अडकल्या असं कुणी म्हटलेलं नाही!

आता शरीराकडे येऊ. फुंकताना नाकाचं काम फार थोडं असतं. तोंडात हवेचा दाब तयार झाला की टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाकाकडची वाट बंद करतो. हवा फक्त ओठांतून जाते. म्हणून नाकपुडीला छिद्र असलं तरी त्यातून हवा 'गळत' नाही. शिवाय त्या छिद्राला आतून कातडी येऊन ती एक नळी झालेली असते. नाक लागतं ते श्वास आत घेताना. सनईच्या साथीला अखंड सूर धरणारा वादक गालात हवा साठवतो, गाल दाबून ती बाहेर सोडतो आणि त्याच क्षणी नाकाने श्वास घेतो. त्याचं नाक सुजलेलं असेल तर सूर तुटेल. चमकीची बारीक फिरकी त्याला आड येत नाही.

ओठांचं आणि गालांचं मात्र तसं नाही. तोंडाभोवती गोल फिरणारा एक स्नायू असतो, तो ओठ मिटतो आणि घट्ट धरतो. गालातला स्नायू हवेने गाल फुगू न देता तिला पुढे ढकलतो. या गालाच्या स्नायूचं वैद्यकीय नाव 'बक्सिनेटर', लॅटिनमध्ये त्याचा अर्थच 'तुतारी वाजवणारा'. शरीररचनेच्या पुस्तकात एक तुतारीवाला बसलेला आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला मला आवडतं.

तुतारी किंवा ट्रम्पेटमध्ये पत्ती नसते; वादकाचे ओठच थरथरतात. वरचे सूर काढताना माउथपीस ओठांवर जोराने दाबला जातो आणि तोंडातला दाब बासरीच्या कितीतरी पट होतो. स्पेनमधले प्लास्टिक सर्जन प्लानास यांनी 1982 मध्ये ट्रम्पेटवादकांच्या ओठाभोवतीचा स्नायू फाटल्याचं वर्णन केलं आणि त्याला लुई आर्मस्ट्राँगच्या टोपणनावावरून 'सॅचमो सिंड्रोम' म्हटलं. ज्या ठिकाणी सशक्त स्नायूही फाटू शकतो, तिथे धातूचा मणी आणि त्याची आतली चकती दातांवर दाबत ठेवायची, याचा विचार तुम्हीच करा.

म्हणून कोणता दागिना कोणत्या वाद्यापाशी अडतो ते बघावं लागतं. नाकातली चमकी किंवा लहान रिंग कुठल्याच वाद्याला अडत नाही. मोठी मराठी नथ डाव्या नाकपुडीतून वरच्या ओठाच्या डाव्या बाजूवर उतरते. बासरी बहुतेक वादक उजवीकडे धरतात, त्यामुळे तीही जमू शकते, पण ट्रम्पेटच्या माउथपीसखाली मोती सापडले तर ओठालाही लागेल आणि नाकपुडीलाही हिसका बसेल. कार्यक्रमात नथ हवीच असेल तर चापाची घ्या आणि वाजवताना काढून ठेवा. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात घालायचा, वरच्या ओठावर लोंबणारा बुलाक मात्र बासरीच्या थेट फुंकेवर येतो.

क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनमध्ये खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून त्यावर पत्ती टेकवतात. त्यामुळे खालच्या ओठाखालचा मणी इथे सगळ्यात वाईट. आतली चकती हिरडीवर घासते. हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं आणि दाताला बारीक तडेही जातात. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. ट्रम्पेटला वरच्या ओठाच्या मधोमध असलेला मणी तितकाच त्रासाचा. जिभेतला मणी सूर तोडताना दातांवर आपटतो. ओठातला दागिना वाजवताना काढला आणि छिद्र जुनं असेल, तर मोठ्या दाबाला तिथून हवेची बारीक धार किंवा लाळ येऊ शकते. नवं असेल तर काही तासांतच ते आकसायला लागतं आणि मणी परत घालताना जखम होते. म्हणजे काढलं तरी पंचाईत, ठेवलं तरी पंचाईत. ओठ टोचण्याबद्दल माझं मत विचारलंत तर ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट मनापासून वाजवणाऱ्याने ते करू नये.

नाक टोचायचं असेल तर वेळ बघून टोचा. छिद्र पूर्ण भरायला दोन ते चार महिने, कधी जास्तही लागतात. ओठाला साधारण दीड ते तीन महिने. स्पर्धा, 15 ऑगस्टचं संचलन किंवा गणपती जवळ असतील तर ते होऊन जाऊ द्या. दुकानातली टोचायची बंदूक नीट निर्जंतुक करता येत नाही आणि बोथट खिळ्याने ऊती चेचते. प्रत्येकासाठी नवी, निर्जंतुक सुई वापरणाऱ्याकडे जा. धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघा, हिपॅटायटीस बीचीही. दागिना सोन्याचा किंवा टायटॅनियमचा घ्या. स्वस्त मिश्रधातूतल्या निकेलमुळे खाज आणि पाणी सुटणं हा नेहमीचा त्रास आहे. जखमेला हळद, तेल, पावडर काही लावू नका. मिठाच्या पाण्याने दिवसातून दोनदा धुवा आणि दागिना फिरवत बसू नका.

पहिले दोन आठवडे वाजवणं थांबवा असं मी नाकासाठी सहसा सांगत नाही, दुखत नसेल तर वाजवू द्या. ओठासाठी मात्र सांगतो. शाळेच्या बँडमध्ये एकच क्लॅरिनेट दोघातिघांत फिरतं. ओठावर ताजी जखम किंवा पुटकुळ्या असताना ते दुसऱ्याला देऊ नका आणि दुसऱ्याचं घेऊ नका. माउथपीस धुवायचा, पत्ती ज्याची त्याने वेगळी ठेवायची.

नाकाभोवती लाली पसरत चालली, पू आला, ताप आला, डोळ्याजवळ सूज आली किंवा डोकं फार दुखायला लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात या. नाक आणि वरचा ओठ या त्रिकोणातल्या शिरा डोळ्यामागून मेंदूजवळ जातात, त्यामुळे इथला संसर्ग अंगावर काढण्यासारखा नसतो. आणि येण्याआधी घाईघाईने दागिना उपसून टाकू नका. छिद्र वरून मिटलं तर पू आतच कोंडतो. काढायचा की ठेवायचा ते तपासून ठरवू.

क्लॅरिनेटवाल्या मुलीच्या आईला मी एवढंच सांगतो: नाक दिवाळीच्या सुट्टीत टोचा आणि वाद्य तिच्या हातातच राहू द्या.