‘सॉकेट’ या संज्ञेचे अर्थांतर : १९७० ते १९८३

संगणकांच्या परस्परसंपर्काचा इतिहास लिहिताना यंत्रे व नियम यांचा विचार होतो. संज्ञा मात्र गृहीत धरल्या जातात. ‘सॉकेट’ ही अशीच एक दुर्लक्षित संज्ञा होय. व्यवहारातील इंग्रजीत तिचा अर्थ ‘खोबण’ असा आहे.

अमेरिकेतील अर्पानेट या संगणकजालाच्या १९७० सालच्या टिपणांत ती आढळते. तेथे सॉकेट म्हणजे केवळ क्रमांक. जोडणी एकाच दिशेची असे. सम क्रमांक ग्रहणाचा, विषम प्रेषणाचा. दुतर्फा संभाषणास अर्थातच दोन जोडण्या लागत. ही व्यवस्था पुढे लोपली, तरी फाइलींच्या देवघेवीसाठी २१, टेलनेटसाठी २३, टपालासाठी २५ हे विषम क्रमांक तिची खूण म्हणून राहिले. मराठीत सप्तमीचा ‘ई’ प्रत्यय ‘घरी’, ‘दारी’ अशा मोजक्या रूपांत उरावा, तसाच हा प्रकार.

सप्टेंबर १९८१ च्या टीसीपी-नियमावलीत यंत्राचा पत्ता व पोर्ट-क्रमांक यांच्या जोडीस सॉकेट म्हटले आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी स्वीकारली. त्याच वर्षी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून प्रसृत झालेल्या युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत मात्र सॉकेट ही प्रोग्रामच्या हातातील वस्तू बनली; उघडलेल्या फाइलीप्रमाणेच तिचा निर्देश एका लहान पूर्णांकाने होऊ लागला. सर्व्हर सॉकेट निर्माण करतो, ‘बाइंड’ने त्यास पत्ता देतो व ‘लिसन’ने ते प्रतीक्षेस ठेवतो. (हे क्रियापद फसवे आहे. येथे ऐकणे असे काही घडत नाही; सॉकेटची सिद्धता जाहीर होते व रांगेची मर्यादा सुचविली जाते, इतकेच.) क्लायंटने ‘कनेक्ट’ केल्यावर सर्व्हरकडील ‘ॲक्सेप्ट’ त्या जोडणीपुरते एक नवे सॉकेट देते. मूळ सॉकेट पुढच्या अतिथीसाठी दाराशीच थांबते.

अर्थांतर येथेच पूर्ण झाले. पोर्ट ८० वर शंभर क्लायंट एकाच वेळी जोडलेले आहेत असे मानू. सर्व्हरकडे सॉकेटे किती? १९८१ च्या व्याख्येनुसार एक. बर्कलीच्या व्यवस्थेनुसार एकशे एक. दोन्ही उत्तरे यथार्थ आहेत, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो बुद्धिमांद्यामुळे नव्हे, तर एकाच शब्दाखाली दोन संकल्पना नांदत असल्यामुळे.

मराठी पर्याय योजताना हा भेद पाळणे अगत्याचे आहे. एका खोबणीत एकच वस्तू बसते. म्हणून ‘खोबण’ हा शब्द ‘ॲक्सेप्ट’ने दिलेल्या सॉकेटास शोभतो. १९८१ च्या अर्थास तो लागू पडत नाही. तेथे ‘पोर्टसहित पत्ता’ असे सरळ म्हणावे.