तोराह नक्की कुणी लिहिली? एकट्या मोशेने की अनेकांनी?

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला एकेकाळी 'शनिवार तेली' म्हणत. घाण्यावर तेल काढणारे हे ज्यू लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे, त्यावरून हे नाव पडलं. शनिवारी काम करायचं नाही, हा नियम ज्यूंच्या 'तोराह' या धर्मग्रंथातला.

गंमत म्हणजे तोराहमध्ये दहा आज्ञा दोनदा येतात आणि या नियमाची कारणं दोन्हीकडे वेगळी आहेत. 'निर्गम' या पुस्तकात म्हटलंय, देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, म्हणून. मराठी बायबलमध्ये ज्याचं नाव 'अनुवाद' आहे, त्या पुस्तकात म्हटलंय, तुम्ही इजिप्तमध्ये गुलाम होता हे आठवा आणि तुमच्या दास-दासींनाही विश्रांती मिळू द्या.

आज्ञा एक, कारणं दोन. मग लिहिणारा एकच होता का?

परंपरा काय सांगते?

तोराह म्हणजे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही पाच पुस्तकं. ज्यू परंपरेनुसार त्यात ६१३ आज्ञा आहेत आणि त्या देवाने मोशेला दिल्या. दोन कारणांचं उत्तरही परंपरेकडे आहे. 'अनुवाद' हे मोशेचं मृत्यूपूर्वीचं भाषण आहे. नव्या पिढीला तो जुनी आज्ञा पुन्हा समजावून सांगतोय, त्यामुळे भर वेगळ्या गोष्टीवर आहे.

शंका कधी सुरू झाल्या?

खुद्द धर्मपंडितांमध्येच! तोराहच्या शेवटी मोशेच्या मृत्यूचं वर्णन आहे. स्वतःचा मृत्यू तो कसा लिहील? तालमूदमध्ये यावर चर्चा आहे. एका मतानुसार शेवटची आठ वचनं त्याचा उत्तराधिकारी यहोशवा याने लिहिली, तर दुसऱ्या मतानुसार मोशेनेच ती रडत रडत लिहिली.

बाराव्या शतकात इब्न एझ्रा या भाष्यकाराने 'त्या वेळी त्या देशात कनानी लोक राहत होते' अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवलं. मोशेच्या काळातही कनानी तिथेच होते, मग 'त्या वेळी' कशाला? पण यात एक गूढ आहे आणि शहाण्याने गप्प राहावं, असं सुचवून त्याने विषय सोडून दिला.

स्पिनोझा मात्र गप्प बसला नाही. १६७० मध्ये त्याने उघडपणे लिहिलं की ही पुस्तकं मोशेची नाहीत, खूप नंतर, बहुधा एज्राने ती तयार केली. ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला १६५६ मध्येच बहिष्कृत केलं होतं. हे पुस्तकही त्याला स्वतःच्या नावाने छापता आलं नाही.

चार धाग्यांचा सिद्धांत

१७५३ मध्ये ज्यां आस्त्रुक या फ्रेंच डॉक्टरच्या लक्षात आलं की 'उत्पत्ती'मध्ये देवाची दोन वेगळी नावं आळीपाळीने येतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक युलियुस वेलहाउझेन याने आधीच्या अभ्यासकांचं काम एकत्र करून मांडलं, की वेगवेगळ्या काळातले चार मजकूर एकत्र विणून तोराह तयार झाली. त्यांना जे, ई, डी आणि पी अशी नावं आहेत.

यातला 'डी' म्हणजे मुख्यतः 'अनुवाद'. बायबलमध्येच एक प्रसंग आहे. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, योशिया राजाच्या काळात, जेरुसलेमच्या मंदिराच्या दुरुस्तीवेळी 'नियमशास्त्राचा ग्रंथ' सापडला. त्यानंतर राजाने इतर ठिकाणची पूजास्थानं मोडून काढली. 'निर्गम'मध्ये अनेक ठिकाणी वेदी बांधायला वाव दिसतो, 'अनुवाद' मात्र एकाच ठिकाणी यज्ञ करा म्हणतो. त्यामुळे सापडलेला ग्रंथ म्हणजे 'अनुवाद'चाच गाभा, असं अनेक अभ्यासक मानतात.

आज काय मानलं जातं?

वेलहाउझेनची मांडणी आज जशीच्या तशी फारसे कुणी स्वीकारत नाहीत. चार मजकूर होते की अनेक तुकडे, कोणता आधीचा, यावर वाद आहेत. तरीही तोराह अनेक हातांनी, काही शतकांत घडली, यावर विद्यापीठांतल्या बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे.

१९७९ मध्ये जेरुसलेमजवळच्या केतेफ हिन्नोम इथे चांदीच्या दोन छोट्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर 'गणना' पुस्तकातल्या आशीर्वादाशी जुळणारे शब्द आहेत आणि त्या साधारण इ.स.पू. ६०० च्या आसपासच्या मानल्या जातात. म्हणजे काही मजकूर नक्कीच जुना आहे. पण त्यावरून अख्खं पुस्तक तेव्हा तयार होतं, असं सिद्ध होत नाही.

मग फरक काय पडतो?

श्रद्धाळूंसाठी खूप पडतो. बाराव्या शतकातले मायमोनिडीज यांनी तोराह मोशेमार्फत देवाकडूनच आली, हे ज्यू श्रद्धेच्या तेरा तत्त्वांमध्ये घातलं आणि ऑर्थोडॉक्स ज्यू आजही ते मानतात. नियम माणसांनी रचले असतील, तर ते बदलताही येतील का, हा खरा प्रश्न आहे. सुधारणावादी ज्यू या प्रश्नाला 'हो' म्हणतात. त्यांच्या मते, काळानुसार माणसं नियमांचा नवा अर्थ लावत आली आणि तोराह स्वतःच त्याचा पुरावा आहे. शनिवारच्या सुट्टीची दोन कारणं त्यांना चूक वाटत नाहीत. एका पिढीला त्यात सृष्टीची निर्मिती दिसली, दुसरीला गुलामीची आठवण.