'यंदा दहावी आहे, खेळ बंद!' : एका वाक्याचा इतिहास

"यंदा दहावी आहे, खेळ बंद." हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल, कदाचित घरात म्हटलंही असेल. मी पीएचडीसाठी शाळा आणि खेळ यांच्या इतिहासावर काम करते. आज या वाक्याकडे जरा इतिहासाच्या अंगाने बघू. उदाहरणाला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके घेते, कारण इथे खेळाची परंपरा शाळेपेक्षा कितीतरी जुनी आहे आणि दोघांची ओढाताण उघड दिसते.

आधी खेळाचं जुनं वेळापत्रक बघा. ते शेतीवर बेतलेलं होतं. रब्बी घरात आली, हात मोकळे झाले की चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा सुरू. नारायणगावात तमाशांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी सुपारी द्यायला येतात, तेही याच हंगामासाठी. यात्रेत देवाची पालखी, बैलगाडा आणि दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा. आखाडा लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरू होतो आणि मोठ्या इनामाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत चढत जातो. दुसरा हंगाम श्रावणातला. भातलावणी उरकलेली असते आणि ओतूरला कपर्दिकेश्वराच्या यात्रेत श्रावणी सोमवारी पैलवान जमतात.

परीक्षेचं वेळापत्रक मात्र शेतीला विचारून ठरलेलं नाही. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि मॅट्रिक ही नोकरीच्या दाराची किल्ली झाली. पुढे शालान्त परीक्षा आली, 1966 मध्ये पुण्यात राज्य मंडळ आलं. जूनमध्ये शाळा सुरू आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा, ही चौकट पक्की बसली. म्हणजे वर्षभर घाम गाळलेल्या पोराचा आखाडा आणि त्याचा पेपर एकाच सुमारास यायला लागले. "खेळ बंद" हे वाक्य, माझ्या मते, या टकरीतून आलं आहे. तेव्हा ते अगदीच चुकीचंही नव्हतं.

मग दोन्ही सांभाळणारे कसे सांभाळत होते? सगळ्यांना माहीत असलेलं नाव घेऊ : खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा मुलगा, कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि 1952 मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता ठरला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण तिची दुसरी बाजूही बघा. शिकणाऱ्या खेळाडूला आधार देणारा नियम नव्हता, एक मोठ्या मनाचा माणूस होता. ज्या गावात असा माणूस नव्हता, तिथल्या खाशाबांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

नियम नंतर आले. शालेय क्रीडा स्पर्धांची उतरंड तयार झाली : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार 25 पर्यंत सवलतीचे गुण मिळायला लागले. 2005 पासून सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. एका माणसाच्या दयेचा हक्क झाला, ही मोठीच गोष्ट.

पण या हक्काला कागद लागतो. मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र हवं, शाळेने प्रस्ताव करायला हवा, तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यामार्फत मंडळाकडे जायला हवा. यात्रेच्या आखाड्यात तुमच्या मुलाने तीन गावचे पैलवान चीत केले तरी मार्कशीटवर त्याचा एकही गुण चढत नाही. जुना खेळ जिवंत आहे, पण सरकारी वहीत त्याची नोंद नाही. आणि ही वही कशी चालते हे ठाऊक असलेला क्रीडाशिक्षक प्रत्येक शाळेत असतोच असं नाही.

आणखी एक गोष्ट फक्त या भागाची. "पहाटे उठ, पळून ये, मग अभ्यासाला बस," हा सल्ला सगळीकडे दिला जातो. पैलवानाचा वेळही पहाटेचाच. पण कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबट्या वाढला. आता अंधारात एकट्या पोराला, त्यातून मुलीला, उसाच्या कडेने पळायला कोण पाठवेल? सराव उजाडल्यावर होतो, म्हणजे नेमका शाळेच्या वेळेत घुसतो. संध्याकाळीही दिवेलागणीच्या आत घर गाठायचं. कांदा काढणीच्या दिवसांत त्यातलाही वेळ शेतात जातो. तेव्हा इथलं पोर वेळेचं नियोजन करत नाही असं म्हणण्याआधी त्याच्याकडे वेळ किती उरतो ते मोजा.

आता मूळ वाक्याकडे येऊ. शालेय स्पर्धा साधारण पावसाळ्यात तालुक्याला सुरू होतात आणि बहुतेक मुलांसाठी दिवाळीच्या आसपास संपतात. दहावीची परीक्षा 2025 मध्ये 21 फेब्रुवारीला सुरू झाली. मध्ये तीन महिने उरतात. म्हणजे ज्या टकरीतून "खेळ बंद" हे वाक्य आलं, ती टक्कर दहावीच्या बहुतेक मुलांसाठी आज राहिलेलीच नाही. वाक्य मात्र जूनमध्येच म्हटलं जातं, आणि ज्या वर्षी खेळाचे गुण मिळू शकतात त्याच वर्षी मूल मैदानाबाहेर बसतं.

खरी अडचण दोघांची आहे. एक, राष्ट्रीय पातळीपर्यंत पोचणारी मुलं. त्यांच्या स्पर्धा आणि पूर्वपरीक्षा डिसेंबर-जानेवारीत एकमेकींवर येतात. दुसरी, नववीपर्यंतची मुलं. 2025 मध्ये त्यांच्या वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या, ऐन यात्रांच्या दिवसांत. या दोघांसाठी शाळेने पेपरची तारीख पुढेमागे करणं, बुडालेले धडे परत शिकवणं, एवढं करायला कुणाला घर गहाण टाकावं लागत नाही.

तुमच्या घरात दहावीचा खेळाडू असेल तर जूनमध्ये तीन प्रश्न विचारा : त्याचा खेळ गुणांच्या यादीत आहे का, प्रमाणपत्रं कोण जपून ठेवतंय, आणि शाळेकडून प्रस्ताव कधी जाणार. उत्तरं मिळाली की दिवाळीपर्यंत त्याला खेळू द्या. पुढचे तीन महिने अभ्यासाचे.