तळटीप : ‘मे गुस्ता के कांतेस’

१२. मूळ स्पॅनिश वाक्य ‘मे गुस्ता के कांतेस’, म्हणजे तू गातेस ते मला आवडतं. ‘गुस्तार’ची रचना मराठी वाचकाला परकी वाटू नये, ‘मला आंबा आवडतो’ यात आंबा कर्ता आणि ज्याला आवडतो तो ‘मला’, तसंच तिथेही. गाणारी आणि आवड असणारी व्यक्ती एकच असेल तर ‘मे गुस्ता कांतार’ (मला गायला आवडतं) एवढ्यावर भागतं. व्यक्ती दोन झाल्या की ‘के’ येतो आणि पुढचं क्रियापद ‘कांतास’ न राहता ‘कांतेस’ होतं. या रूपाचं नाव ‘सुबखुंतीबो’. ती गाते यात शंका नाही. पण वाक्य ती बातमी देत नाही, तिच्याविषयीची भावना सांगतं, म्हणून हे रूप. ‘मला वाटतं, तू गातेस’ ही बातमी, तिथे ‘क्रेओ के कांतास’च.

सुबखुंतीबो म्हणजे विध्यर्थ, असं सरसकट समीकरण मांडून इथे ‘तू गावंस असं मला आवडतं’ लिहिणं चूकच. विध्यर्थ शोभतो तो ‘मे गुस्तारिआ के कांतारास’ला : तू गावंस असं मला वाटतं. गंमत म्हणजे ‘मे गुस्ताबा के कांतारास’ (तू गायचीस ते मला आवडायचं) यातही ‘कांतारास’च, मराठीला मात्र दोन वाटा धराव्या लागतात. स्पॅनिश क्रियापदाच्या या रूपांत लिंग दिसत नाही. ‘गातेस’मधलं स्त्रीलिंग संदर्भावरून घेतलं आहे. – संपा.