ओढणं आणि थांबवणं

मी काशीच्या मुन्शी घाटावर उभा आहे. नागपूर संस्थानचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधलेला हा वाडा 1915 साली दरभंग्याच्या महाराजांनी घेतला. दगड चुनारचा. चुनार गंगेच्या वरच्या अंगाला. पूर्वी दगडाने भरलेली नाव प्रवाहाबरोबर खाली यायची. रिकामी परत नेताना नावाडी काठाने दोर ओढत चालायचे. ओढण्याचा घाम दिसतो, पण खरा कस भरली नाव काठाला थांबवताना.

मला हे उशिरा कळलं. निवृत्तीनंतर लहान गाडीला हूक बसवून ट्रेलर जोडला. चढ सहज चढलो. कसाऱ्याच्या उतारावर ट्रेलरच गाडीला ढकलू लागला. हूक बंपरला नको, खालच्या मजबूत सांगाड्याला हवा. आणि गाडी किती ओढेल यापेक्षा किती थांबवेल, ते आधी पाहा. जय हिंद.