चुलीपाशी उभी राहिलेली संस्था

संस्था म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? चिटणीस, ठराव, पावतीपुस्तक. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले इथं काढलेल्या रयत शिक्षण संस्थेचं मूळ मात्र मला एका चुलीपाशी दिसतं.

१९२४ साली संस्था साताऱ्यास आली. तिथल्या वसतिगृहात नाना जातींची मुलं एका पंक्तीला जेवू लागली. आज हे ऐकायला सोपं वाटतं. त्या काळी गावचे पाणवठेसुद्धा वेगळे होते! भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पण ही मुलं त्यांनी पोटच्या पोरांसारखी सांभाळली. धान्य सरलं की एकेक दागिना जाई. अखेर मंगळसूत्रही त्यांनी उतरवून दिलं. १९३० साली त्या वारल्या. गौरव भाऊरावांचा पुष्कळ झाला, आणि तो रास्तच. पण संस्थेला पहिलं वळण या माउलीनं लावलं, असं मी म्हणेन.

मुलांनीही फुकट खाल्लं नाही बरं का! स्वयंपाक त्यांनीच करायचा, शेतातही राबायचं. १९४० साली साताऱ्यास निघालेलं महाराजा सयाजीराव हायस्कूल याच 'कमवा आणि शिका' रीतीवर चाललं.

पुढं भाऊराव सरकारवर परखड बोलले, नि १९४८ साली संस्थेचं अनुदान थांबलं. शब्द मागं घेतले असते तर पैसा लगेच मिळता. त्यांनी घेतले नाहीत. खेड्यापाड्यांतून मदत आली, शाळा चालू राहिल्या, आणि काही काळानं अनुदानही पुन्हा सुरू झालं.