तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणे

'तक्रार' हा शब्द मी दोनदा शिकवतो. मराठीच्या तासाला अर्थ सांगतो, गाऱ्हाणे. उर्दूच्या तासाला अरबी मुळाकडे जातो. तिथे तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणणे. इंग्लंडमधल्या कमी भाड्याच्या घरांचा इतिहास वाचताना हे दोन्ही अर्थ मला एकत्र सापडले.

तिथे अशी घरे नगरपालिका आणि नफा न कमावणाऱ्या गृहसंस्था देतात. या संस्थांसाठी १९६४ मध्ये हाउसिंग कॉर्पोरेशन स्थापन झाले. १९७४ च्या कायद्याने संस्थांची नोंदणी आणि देखरेख त्याच्याकडे आली. १९८८ नंतर संस्था खासगी कर्जे घेऊ लागल्या, तसे ताळेबंदाला महत्त्व आले. २०११ च्या कायद्याने तर ठरवले की, भाडेकरूंचे गंभीर नुकसान झाले असेल किंवा होण्याचा धोका असेल, तरच नियामकाने घरांच्या दर्जात लक्ष घालावे. म्हणजे हिशेब नियमित तपासायचा, भिंत मात्र संकट आल्यावर.

१४ जून २०१७. रमजानचा महिना. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला मध्यरात्रीनंतर आग लागली. सहेरीसाठी जागे असलेल्या काही मुस्लिम शेजाऱ्यांनी दारे ठोठावून लोकांना उठवले. तरी ७२ माणसे गेली. आगीच्या धोक्याबद्दल रहिवासी आधीपासून लिहीत होते.

मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये सुदानहून आलेल्या एका बापाने २०१७ मध्येच घरातल्या बुरशीची तक्रार केली होती. उत्तर मिळाले, वरून रंग मारा. डिसेंबर २०२० मध्ये त्याचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक वारला. त्या बुरशीमुळेच श्वसनाचा आजार होऊन तो गेला, असा निष्कर्ष कॉरोनरने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला.

२०२३ च्या कायद्याने 'गंभीर नुकसाना'ची ती अट काढली. एप्रिल २०२४ पासून हजाराहून अधिक घरे असलेल्या संस्थांची आणि नगरपालिकांची साधारण दर चार वर्षांनी तपासणी होते. ऑक्टोबर २०२५ पासून 'अवाबचा कायदा' लागू झाला. तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कारवाई, ओल-बुरशीचा गंभीर धोका असेल तर कामाच्या दहा दिवसांत पाहणी.

मीही भाड्याच्या खोलीत राहिलो आहे. पलंगामागची भिंत काळी पडली, मुलगी रात्रभर खोकायची. मालक म्हणाले, "सर, पावसाळ्यात ओल येणारच." मी एकदाच बोललो, मग स्वतः चुना आणून लावला. पुढच्या पावसाळ्यात डाग परत आला.

म्हणून आता वर्गात तक्रार अर्ज शिकवताना मुलांना सांगतो, तारीख घाला, एक प्रत जवळ ठेवा आणि उत्तर आले नाही तर पुन्हा लिहा. पण ऐकणाऱ्यावर कायद्याची जबाबदारी नसेल, तर तकरार नुसतीच तकरार राहते. अवाबच्या वडिलांनी ती किंमत मोजून दाखवली.